घरातली आपली भूमिका, मर्यादा आणि बोलणं: पहिल्यांदाच विचार करणाऱ्यांसाठी

कुणी बोलायचं, कुणी गप्प बसायचं आणि कुणाचा राग कुणी झेलायचा, याचे नियम कुठल्याच घरात लिहून ठेवलेले नसतात, पण सगळ्यांना पाठ असतात. बऱ्याच घरांत हे नियम माणसांना सांभाळून घेतात. काही घरांत मात्र एकाच गोष्टीवर पांघरूण घालण्यासाठी बाकीच्या सगळ्यांना राबवलं जातं. ती गोष्ट वडिलांची दारू असेल, आईचा संताप असेल, भावाची बुडीत कर्जं असतील किंवा वडिलोपार्जित जागेचा चिघळलेला वाद असेल.

हे बहुतेकांच्या लक्षात येतं ते घराबाहेर पडल्यावर. हिंजवडीत नोकरी लागते, वाकडला फ्लॅट होतो किंवा लग्न होतं, आणि दुसऱ्यांच्या घरात माणसं आवाज न चढवता भांडतात हे पहिल्यांदा दिसतं. अशा वेळी सुरुवात कुठून करायची, ते इथे सांगितलं आहे. यात तुमच्या आईवडिलांना बदलायचा एकही उपाय नाही. तुम्ही काय वेगळं करू शकता एवढंच आहे, आणि माझ्या मते तेवढं पुष्कळ आहे.

सगळ्यात आधी: धोका आहे का ते पाहा

घरात मारहाण होत असेल, जिवाची धमकी दिली जात असेल, बाहेर जाऊ देत नसतील किंवा तुमचे पैसे आणि कागदपत्रं काढून घेतली असतील, तर मर्यादा, संवाद वगैरे पुढचं सगळं बाजूला ठेवा. हिंसक माणसासमोर ठामपणे बोलायचा सराव करू नये. त्याने धोका वाढू शकतो.

तातडीच्या वेळी ११२. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७. पुणे पोलिसांचा भरोसा सेल महिला, मुलं आणि ज्येष्ठ यांच्याच तक्रारींसाठी आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा फक्त बायकोसाठी आहे असा समज अजून ऐकू येतो, तो चुकीचा आहे. त्याच घरात राहणारी आई, बहीण, मुलगी यांनाही तो लागू होतो. शिवीगाळ, मानसिक छळ आणि पैशांची अडवणूकही त्यात हिंसाचारच धरली आहे. घर कुणाच्याही नावावर असो, राहत्या घरातून कायदेशीर मार्गाशिवाय बाईला बाहेर काढता येत नाही. शिवाजीनगर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही.

कुणी, अगदी तुम्ही स्वतःसुद्धा, जीव देण्याची भाषा करत असाल तर टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो सरकारी आणि मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

असा धोका नसेल तर पुढे वाचा.

घराचा नकाशा काढा

एक मोठा कागद घ्या. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ. आजी-आजोबा वर, आईवडील आणि त्यांची भावंडं मध्ये, तुम्ही आणि तुमची भावंडं खाली. अशा तीन पिढ्या झाल्या की नात्यांच्या रेघा ओढा. नीट चाललेल्या नात्याला सरळ रेघ, सतत भांडण असेल तिथे नागमोडी, अंतर पडलं असेल तिथे तुटक, आणि दोघं एकमेकांत इतके गुंतलेत की एकाला शिंक आली तर दुसरा औषध घेतो, तिथे जाड दुहेरी रेघ. बोलणं पूर्ण बंद असेल तर रेघ मधेच तोडा. कुटुंबासोबत काम करणारे समुपदेशक असाच नकाशा काढतात.

मग तारखा घाला. घर कधी बदललं, नोकरी कधी गेली, कोण अचानक वारलं. जुन्या पुण्यातल्या कितीतरी घरांच्या नकाशात १२ जुलै १९६१ ही तारीख असते. पानशेत धरण फुटलं त्या दिवशी ज्यांचा नदीकाठचा संसार वाहून गेला, त्या आजीने पुढे आयुष्यभर एक डबा, एक दोरी टाकली नाही. तिच्या लेकीला, म्हणजे तुमच्या आईला, घरातली एक वस्तू जागची हलली तरी धडधडतं, आणि तुम्ही एकटे राहायला गेलात की ती चार वेळा फोन करते. आईचा स्वभावच तसा, असं तुम्ही म्हणत आलात. नकाशात त्याला मागची एक पिढी दिसते. त्याने आईचं वागणं योग्य ठरत नाही, पण रागाची धार जरा बोथट होते.

मरे बोवेन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९५४ ते १९५९ या काळात रुग्णासोबत त्याचे आईवडील, भावंडं यांनाही संशोधनाच्या वॉर्डात राहायला आणलं. त्याला दिसलं ते असं की, एकाची धास्ती कमी झाली की दुसऱ्याची वाढते. आजारी एकच माणूस दिसत असला तरी त्या आजाराभोवती घरातल्या सगळ्यांच्या हालचाली बांधलेल्या असतात. कुटुंबाकडे एक सलग व्यवस्था म्हणून पाहायचा विचार ज्यांच्या कामातून पुढे आला, त्यांत त्याचं नाव वर येतं.

हा नकाशा घरातल्या कुणाला दाखवू नका. निदान पहिले काही महिने तरी नकोच.

आपल्याला कोणतं काम लागलंय ते पाहा

व्यसनी माणसांच्या कुटुंबांसोबत काम करताना शॅरन वेगशायडर-क्रूझ या अमेरिकन समुपदेशक बाईंना त्याच त्या भूमिका पुन्हा पुन्हा दिसल्या. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर एक जण सावरून घेणारा असतो: वडील पिऊन आले की ऑफिसला फोन करून "त्यांना ताप आहे" सांगणारी आई. एक कर्तबगार मूल असतं, ज्याच्या मार्कांवर घराची अब्रू उभी असते. एकावर सगळ्याचं खापर फुटतं. एक गरीब गाय, जिच्याबद्दल "हिचा काही त्रासच नाही" असं कौतुकाने सांगतात आणि जिला आठवडाभर कुणी काही विचारत नाही. आणि एक विदूषक, जो ताटं आपटायला लागली की जोक करतो.

याला निदान समजू नका. राशिभविष्यासारखं यातल्या प्रत्येकात स्वतःचं थोडंथोडं सापडतं, आणि छोट्या कुटुंबात एकालाच तीन-तीन भूमिका कराव्या लागतात. यातून उपयोगाचा प्रश्न एकच निघतो: मी हे करणं थांबवलं, तर घरात काय उघडं पडेल?

कर्तबगार मुलीने या वर्षी नापास व्हायचं ठरवलं, असं होत नाही. पण दर महिन्याला दादाचा हप्ता भरणाऱ्या ताईने या महिन्यात भरला नाही तर काय होईल? दादाला नोकरी टिकत नाही ही गोष्ट बाबांना आणि वहिनीला पहिल्यांदा समोरासमोर बघावी लागेल. ताईचा चांगुलपणा खराच आहे, पण घराने तिला नेमून दिलेलं काम ते झाकण्याचं आहे. आणि ज्याच्यावर खापर फुटत होतं तो बेंगळुरूला निघून गेला, तर सहा महिन्यांत ती जागा दुसऱ्या कुणालातरी मिळते. भूमिका घराची असते, माणूस बदलला तरी ती रिकामी राहत नाही.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो रास्त आहे. हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याकडे एकत्र राहणं, एकमेकांच्यात लक्ष घालणं हीच रीत, तिथे मर्यादा कसल्या? साल्व्हादोर मिनुचिन या कुटुंबोपचारतज्ज्ञाने ज्यांच्यात कुणाचं काय हेच कळेनासं होतं अशा गुंतलेल्या कुटुंबांबद्दल लिहिलं, म्हणून प्रत्येक एकत्र कुटुंब बिघडलेलं ठरवायचं का? मुळीच नाही. तीन पिढ्या दोन बीएचकेत सुखाने नांदताना मी पाहिल्या आहेत. माझी कसोटी साधी आहे. त्या घरात "नाही" म्हणायची किंमत काय आहे? "या रविवारी नाही जमणार" म्हटल्यावर आई थोडी हिरमुसते आणि बुधवारी शेपूची भाजी पाठवते, ते घर जवळचं. त्याच वाक्याने तीन आठवड्यांचा अबोला, मामाचा फोन आणि "तुझ्यामुळे हिची शुगर वाढली" असं होत असेल, तर पुढची पायरी तुमच्यासाठी आहे.

निरोप पोचवणं थांबवा

मला विचाराल तर सगळ्यात आधी हे करा. ते त्यातल्या त्यात सोपं आहे आणि फरक लवकर दिसतो.

दोन माणसांतला ताण असह्य झाला की ती तिसऱ्याला मध्ये ओढतात. बोवेन याला त्रिकोण म्हणतो. आपल्याकडे तो बहुधा स्वयंपाकघरात तयार होतो. तुम्ही शनिवारी घरी जाता. आई कणीक मळतेय. बाबा हॉलमध्ये बातम्या लावून बसलेत. आई आवाज बारीक करून सांगते, यांनी परत शेअर्समध्ये पैसे घातलेत, मला विचारलंसुद्धा नाही, तू सांग ना त्यांना, तुझं ऐकतात. तुम्ही हॉलमध्ये जाता. बाबा टीव्हीचा आवाज न कमी करता म्हणतात, "आईने पाठवलं ना?" त्यानंतर अर्धा तास तुम्ही आणि बाबा भांडता, आणि आई मधे येऊन म्हणते, "जाऊ दे रे, वडील आहेत, असं बोलू नये."

सोडवायला गेलेला मार खातो आणि नंतर दोष देणारा ठरतो. स्टीफन कार्पमनने १९६८ मध्ये ही अदलाबदल मांडली होती: पीडित, छळणारा, तारणहार, आणि तिघेही फिरत्या जागांवर. आपल्याला ती शनिवारच्या पोळ्यांपासून ठाऊक आहे.

म्हणून ऐकणं आणि वाहून नेणं यांत फरक करा. आईचं ऐका. मग एवढंच म्हणा:

"आई, तुला न विचारता केलं याचा त्रास होणारच. पण हे तू बाबांशी बोल. हवं तर मी शेजारी बसेन. निरोप मी नेणार नाही."

ती म्हणेल, "मी बोलले तर ते ओरडतात." हे खरंही असेल. "माहितेय. म्हणून म्हणतोय, मी शेजारी बसतो." पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विषय निघाला तर कणकेचे गोळे करायला घ्या.

हेच व्हॉट्सॲपवर. वहिनीने पाठवलेला मेसेज दादाला पुढे पाठवायचा नाही, कुणाच्या बोलण्याचा स्क्रीनशॉट काढायचा नाही, आणि "ती तुझ्याबद्दल काय म्हणाली माहितेय का" याला "तिने मला सांगितलं तर बघू" एवढंच उत्तर. कान भरणाऱ्याला ऐकायला कान लागतो. तो मिळाला नाही की बरंच काही आपोआप थंडावतं. आत्या मात्र तुम्हाला शिष्ट म्हणेल. म्हणू दे.

मर्यादा घाला, पण एकच आणि छोटी

मर्यादा म्हणजे समोरच्याने काय करायचं नाही याचा हुकूम, अशी समजूत असते, आणि म्हणून ती पहिल्या दिवशी फसते. "माझ्या पगाराबद्दल कुणी विचारायचं नाही" हे तुमच्या हातात नाही, काका विचारणारच. "पगाराचा विषय निघाला की मी उठून गॅलरीत जाईन" हे तुमच्या हातात आहे. समोरच्याची संमती लागली तर ती विनंती, संमती लागली नाही तर ती मर्यादा. दोन्ही असाव्यात, पण कोणती कोणती ते आपल्याला माहीत असावं.

सुरुवातीला इस्टेट, लग्न, धर्म यांतलं काही घेऊ नका. किल्ली घ्या. तुमच्या फ्लॅटची एक किल्ली आईकडे असते आणि ती कोथरूडहून न सांगता येऊन फ्रीज लावून जाते. तुमच्या बायकोने ठेवलेलं विरजण तिसऱ्यांदा बेसिनमध्ये गेलंय. बायको तुमच्याशी भांडते, आईशी नाही (इथेही त्रिकोण आहेच). आता आईशी बोलायचं ते तुम्ही. बायकोला पुढे करायचं नाही, आणि "हिला आवडत नाही" असंही म्हणायचं नाही.

"आई, येण्याआधी फोन करत जा. आम्ही दोघं घरी असू तेव्हा ये. न सांगता येणं होत राहिलं तर मी कुलूप बदलून घेईन, आणि अडीअडचणीची किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवीन."

जे करणार नाही ते बोलू नका. कुलूप बदलायची तयारी नसेल तर शेवटचं वाक्य गाळा.

यानंतर उलटा धक्का येतो. तो येणारच, कारण घराला तुमची जुनी जागा परत हवी असते. आधी "तू चुकतोयस" येतं, मग "पूर्वी असा नव्हतास", मग "बघून घेऊ". आपल्याकडे हेच असं ऐकू येतं: "आम्ही आता परके झालो." "लग्नानंतर बदलला." "एवढं शिकवलं ते याचसाठी का?" मग मामाचा फोन. मग बीपी. बीपी खरंच वाढलं असेल तर डॉक्टरकडे न्या, गोळ्या आणा, रात्रभर सोबत थांबा. फक्त किल्लीचा निर्णय दवाखान्याच्या बाकावर बसून बदलू नका.

या काळात लोक एक गोष्ट हमखास करतात: समजावत बसतात. आपलं म्हणणं पटवायला दीड पानी मेसेज लिहितात. त्यातल्या प्रत्येक ओळीला उत्तर येतं आणि आठवडा जातो. एकदा कारण सांगा, दुसऱ्यांदा फक्त वाक्य सांगा, तिसऱ्यांदा जे करू म्हणालात ते करा. आवाज न चढवता. आणि त्याच आठवड्यात आईला स्वतःहून फोन करा, दुसऱ्या कशाबद्दल तरी बोला. तुम्ही नातं तोडत नाही आहात हे तिला कळायला तेवढाच मार्ग आहे.

पैशांचं थोडक्यात: महिन्याला किती देणार तो आकडा ठरवा, तारीख ठरवा, आणि त्यापलीकडच्या मागणीला "विचार करून रविवारी सांगतो" म्हणा. फोनवर लगेच हो म्हणायचं नाही. कर्जाला जामीन राहायचं असेल तर ते कर्ज आपणच फेडायचं आहे असं धरून सही करा.

हे सगळं सांगताना मला एका गोष्टीचं भान ठेवावं लागतं. स्वतःचा पगार आणि स्वतःचा फ्लॅट असलेल्या मुलाचं "नाही" स्वस्त असतं. सासरी राहणाऱ्या, हातात पैसा नसलेल्या सुनेचं तेच "नाही" फार महाग पडू शकतं. तिची पहिली मर्यादा दिसणारी नसेलही: स्वतःच्या नावाचं बँक खातं, कागदपत्रांच्या प्रती, एक मैत्रीण जिला सगळं माहीत आहे. तिला कुणी "ठामपणे बोल ना" असा सल्ला देत असेल तर आधी त्या घरात दोन दिवस राहून बघावं.

बोलण्याची तऱ्हा ओळखा

व्हर्जिनिया सॅटिर या अमेरिकन कुटुंबोपचारतज्ज्ञ बाईंनी ताणाखाली माणसं कशी बोलतात याच्या चार तऱ्हा सांगितल्या: मनधरणी करणारा, दोष देणारा, कोरडा तर्क लढवणारा आणि विषय भरकटवणारा. आपल्याकडे चौघंही गणपतीच्या आधी एकाच टेबलाशी सापडतात. आईचे गुडघे गेलेत, यंदा गणपती कुणाकडे बसवायचा हा प्रश्न आहे.

थोरली सून: "आमच्याकडेच बसवू की. मला काय, सवयच आहे."

धाकटा: "दरवर्षी आयत्या वेळी विषय काढायचा, ही तुमची जुनी खोड."

बाबा: "मुळात प्रश्न सोयीचा नसून परंपरेचा आहे. मूळ घराणं कुठलं, ते आधी ठरवावं लागेल."

काका: "अहो, चितळ्यांकडून मोदक आणा आणि विसर्जन करा विषयाचं!"

सगळे थोडं हसतात, काहीच ठरत नाही, आणि थोरली सून पाच दिवसांची रजा टाकते.

पाचवी तऱ्हा म्हणजे आत जे आहे तेच बाहेर बोलणं. थोरली सून म्हणू शकली असती: "मला यंदा दीड दिवस झेपेल, पाच नाही. स्वयंपाक बाहेरून मागवायचा असेल तर आमच्याकडे बसवू. नाहीतर यंदा भाऊजींकडे." यात कुणावर आरोप नाही, टोमणा नाही आणि माफीही नाही. काय झेपतं, कोणत्या अटीवर, नाहीतर काय. हे तीन तुकडे आधी कागदावर लिहून पाहा. मोठ्यांशी अहो-जाहो करत, "तुम्हाला विचारूनच ठरवू, पण माझ्याच्याने पाच दिवस होणार नाहीत" असंही म्हणता येतं. आदर आणि नकार एकाच वाक्यात बसतात. आपल्याला ते शिकवलेलं नसतं, एवढंच.

वेळ आणि जागा निवडणं निम्मं काम आहे. जेवणाच्या ताटावर नको, पाहुणे असताना नको, कुणी प्यायलेलं असताना तर अजिबात नको. समोरासमोर बसलं की बाबांची सुनावणी सुरू होते असं असेल तर त्यांच्याबरोबर सकाळी तळजाईच्या टेकडीवर फिरायला जा. शेजारी चालताना डोळ्यांत बघावं लागत नाही आणि चढावर मोठमोठ्याने भांडायला दमही नसतो.

अबोला हेही बोलणंच आहे, आणि मराठी घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. अबोला धरणाऱ्याच्या मागे मागे फिरू नका, मुलांना "आजीला विचार जेवणार का" म्हणून पाठवू नका. स्वतः जाऊन एकदा सांगा, "तुला वाटेल तेव्हा बोल, मी आहे. जेवायला हाक मी मारणारच." आणि रोज मारा.

मदत कुठे मिळेल

घरात व्यसन असेल तर व्यसनी माणूस तयार होईपर्यंत थांबायची गरज नाही. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या पुण्यातल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात कुटुंबीयांसोबतही काम होतं. दारूच्या व्यसनात अडकलेल्यांच्या कुटुंबीयांसाठीची अल-ॲनॉन ही संघटना १९५१ पासूनची आहे आणि तिच्या सभांना पैसे पडत नाहीत. तिथे पहिल्यांदा ऐकायला मिळतं ते हे की, व्यसन तुम्ही लावलेलं नाही, ते तुमच्या ताब्यात नाही आणि ते तुम्ही बरं करू शकत नाही. वीस वर्षं बाटल्या लपवणाऱ्या बाईला हे ऐकून राग येतो. दुसऱ्या सभेला ती तरीही येते.

व्यसन नसेल तर समुपदेशक शोधा. घरातले बाकीचे यायला तयार नसतील तर एकटे जा. बोवेनच्या पद्धतीत एकट्या माणसासोबतच काम करूनही घरातल्या नात्यांत बदल घडवता येतो असं धरलं जातं. समुपदेशक अशी पाटी कुणीही लावू शकतो, म्हणून शिक्षण कुठलं, अनुभव किती, हे बिनदिक्कत विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तिचा क्रमांक मागता येतो. फी किती, किती वेळ, आणि मुख्य म्हणजे "मी इथे सांगितलेलं माझ्या घरच्यांनी फोन करून विचारलं तर तुम्ही काय सांगाल?" हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. जी व्यक्ती सगळं ऐकून शेवटी "थोडं ॲडजस्ट करा, आईवडील शेवटी आईवडील असतात" म्हणते, तिच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

घरात लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी तीन वाक्यं पाठ करून ठेवा: "हे मोठ्यांचं भांडण आहे. ते तुझ्यामुळे नाही. ते सोडवणं तुझं काम नाही." भांडण झालं त्याच रात्री, झोपायच्या आधी सांगा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, डबा भरताना, बाबांना काही विचारायचं असेल तर मुलांना पाठवू नका. स्वतः जाऊन विचारा.